स्वतःशी चौसष्ट टक्के

तिच्या पीएचडीच्या मार्गदर्शकांनी, म्हणजे शोधमहर्षींनी, समुद्रातल्या जंतूंच्या अकरा नव्या जाती शोधल्या होत्या. त्यातल्या चार पुढे जुन्याच निघाल्या आणि दुसऱ्यांनी खोडल्या, पण ते सांगतो कोण? हे टोपणनाव त्यांना तिनेच दिलं होतं आणि ते ऐकून महाशय चक्क खूश झाले होते. उपहास कळायलाही थोडी अक्कल लागते.

बारावी जात तिच्या पीएचडीची. खडकांवरच्या शेवाळातून काढलेला तो पिवळट जंतू तिने तीन वर्षं वाढवला, जपला. आता एकच परीक्षा उरली होती. त्याचा आणि त्याच्या जुन्या, नोंदलेल्या भाऊबंदाचा डीएनए तापवून सुटा करायचा, नळीत घालून गरम पाण्यात एकत्र ठेवायचा आणि किती जुळतो ते पाहायचं. सत्तर टक्क्यांच्या खाली जुळला तर जात नवी, वर गेला तर जुनीच. नवी ठरली तर पदवी, नाही तर पुन्हा श्रीगणेशा. आईने शेजारीपाजारी तिला 'डॉक्टर' करूनही टाकलं होतं.

आकडा आला ब्याण्णव. तिने पुन्हा केलं. पुन्हा ब्याण्णव.

"अगं, पाणी गार असेल," शोधमहर्षी म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं. "नऊ अंश वाढव."

पाणी फार तापलं की सख्ख्या भावांचाही डीएनए नीट जुळत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना ठाऊक असतं. यांनाही होतंच, म्हणून तर वाढवायला सांगितलं. आकडा एकोणसाठवर उतरला आणि स्वारीने तिथल्या तिथे जंतूला सासूबाईंचं नाव देऊन टाकलं. बायकोचं आठव्या जातीला देऊन झालं होतं.

तिला त्यांची किळस आली. एकोणसाठ पाहून क्षणभर हायसं वाटलं, म्हणून स्वतःचीही आली.

या कामात जंतूचा डीएनए त्याच्या स्वतःच्या डीएनएशीही जुळवतात. तो आकडा शंभर धरायचा आणि बाकीचे त्यावरून मोजायचे. ती नळी महाशयांनी मुद्दाम जुन्याच, कमी तापलेल्या पाण्यात ठेवायला लावली होती. लबाडी करावी तर तीही धड जमू नये! दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही नळ्या गरम पाण्यात ठेवल्या. जुन्या पाण्यातल्या शंभराच्या मानाने जंतू स्वतःशी चौसष्ट टक्केच जुळला. म्हणजे या हिशेबाने तो स्वतःच्या जातीचाही नव्हता.

तिने आकडा वहीत लिहिला आणि वही त्यांच्यापुढे ठेवली.

"हे पान फाड," ते शांतपणे म्हणाले. "उद्या परीक्षक येतायत. पदवी हवी आहे ना तुला?"

हवी होती. पान तिने फाडलं नाही, पण रात्रभर तिला झोपही लागली नाही.

परीक्षक बाईंनी सगळे तक्ते पाहिले आणि विचारलं, "स्वतःशी किती जुळला?"

"शंभर," शोधमहर्षी म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"चौसष्ट," ती म्हणाली आणि वही पुढे सरकवली. "दोन्ही नळ्या एकाच पाण्यात ठेवल्या तर चौसष्ट, आणि चौसष्टातले एकोणसाठ म्हणजे पुन्हा ब्याण्णव टक्केच. जंतू जुनाच आहे, मॅडम."

मग शोधमहर्षींनी चष्मा पुसला.

"शंभर यायला हवा होता, असं म्हणतोय मी," ते म्हणाले. "परवापासून हिला हेच सांगतोय, घाई करू नकोस, पुन्हा तपास."

बाईंनी समजुतीने मान डोलावली. अहवालात त्यांनी मार्गदर्शकांच्या काटेकोरपणाचं दोन ओळी कौतुक केलं. तिच्या नावापुढे लिहिलं, 'विषय नव्याने घ्यावा.'