बिनमुंडीची गिटार

गोरख सुताराच्या हातांना सकाळपासून चैन नव्हतं. कापूरहोळच्या फाट्यावर त्याचं दुकान. टेम्पोचे हौदे आणि ढाब्यांची बाकं हे त्याचं रोजचं काम. आज टेम्पोवाला समोर खोळंबून बसला होता आणि गोरख रंधा उचलून पुन्हा जागेवर ठेवत होता. त्याचं सगळं लक्ष भिंतीला टांगलेल्या बेस गिटारकडं होतं.

ती त्यानं लेकीसाठी केली होती. प्रेरणा वरातीत वाजवणाऱ्या बाजीच्या बेंजो पार्टीत बेस वाजवायची. पार्टीतली ती एकुलती एक मुलगी, आणि अंगानं चिमणीएवढी. दुकानातून आणलेली गिटार गळ्यात घातली की मानेच्या टोकाचं खुंट्यांचं जड डोकं खाली ओढायचं. वरातीमागून वराती चालून पोरीचा डावा खांदा उतरला. घरी आली की शेकायला बसायची. मग गोरखनं मोबाईलवर पाहिलं, की काही लोक गिटारीला डोकंच ठेवत नाहीत. तारा पिळायच्या खुंट्या खाली बुडाशी बसवतात. त्यानं फणसाचं अंग केलं, सागाची मान केली आणि मान संपते तिथं करवत फिरवून मोकळा झाला. गिटार तोलून गेली. पोरीचा खांदा सरळ झाला.

लोकांची मतं काही सरळ झाली नाहीत. भोरच्या पोरांनी तिचे व्हिडिओ काढून गावोगाव पाठवले. पालीला मात्र एका लग्नात कुणीतरी तिला उलथनं म्हटलं आणि सगळा मांडव हसला. कुणी म्हणे, "मलाबी अशीच करून द्या." कुणी एकदा बघून तोंड फिरवी. गोरखला दोन्ही खरं वाटायचं. कौतुक झालं की वाटे, उगाच मन राखतात. नाव ठेवलं की वाटे, यानं बरोबर ओळखलं. डोकं काढलं ते पोरीच्या खांद्यासाठी, की आपण काहीतरी वेगळं केलं असं चारचौघांनी म्हणावं म्हणून?

त्यात आज बाजीचा फोन आला होता. दुपारी शिवऱ्याला अमृत नावाच्या नवरदेवाचा परण्या निघायचा होता. लग्नाआधी नवरा घोड्यावरून मारुतीला जातो, तो परण्या. पण नवरदेवाची आजी चंद्राबाई अडून बसली होती. तिनं कुठंतरी मोबाईलवर गिटार पाहिली होती.

"म्हातारी म्हणती, मुंडकं नसलेलं काय बी माझ्या नातवापुढं चालवायचं न्हाई," बाजी फोनवर खेकसला. "खवीस म्हणती ती त्याला! आता गिटारीला डोकं बसव, न्हाईतर पोरीला घरी ठेव. सासवडचा एक गडी तयार हाय तिच्या जागी. आन एकदा तो आला, की मग त्याला कुठं काढू म्या?"

गोरखनं फार विचार केला नाही, आणि तिथंच चुकला. जत्रेतल्या सोंगांना मुखवटे करायला वेल्ह्याकडून आणलेला पांगाऱ्याचा ओंडका कोपऱ्यात पडला होता. पांगारा म्हणजे कापसासारखा हलका. त्यातून त्यानं गिटारीचं डोकं कोरलं, त्याला चार खोट्या खुंट्या लावल्या, काळा रंग दिला आणि दोन स्क्रूंनी मानेला आवळलं.

प्रेरणा आली आणि बघतच राहिली.

"आबा, हे कुणाचं मुंडकं?"

"नुसतं दाखवायला गं. वजन न्हाई त्याला."

"लाज आहे पण त्याला," ती म्हणाली आणि गिटार पिशवीत न घालता तशीच खांद्याला लावून पार्टीच्या टेम्पोत चढली. गोरख दुकान तसंच टाकून मागोमाग चढला.

शिवऱ्यात अमृत घोड्यावर बसला होता आणि त्याचे मित्र वाट बघत उभे होते. गिटार दिसली आणि त्यांची तोंडं उतरली.

"बिनमुंडीची कुठंय?" एकजण ओरडला. "आमी तिच्यासाठी बाजीला बोलवलं! असली तर कुणाकडं बी मिळती!"

"गप रे," बाजी दटावत होता, तोवर चंद्राबाई मांडवातून उठून आली. तिनं गिटारीच्या डोक्यावर टिचकी मारली, मग नखानं रंग खरवडला.

"पांगारा," ती म्हणाली. "माझं म्हायेर वेल्ह्याचं हाय, सुतारा. सोंगाचा मुखवटा मला वळखू येत न्हाई व्हय? मुंडकं नव्हतं ते परवडलं. हे खोटं कशापायी लावलंस? कुणाला फसवतोस, मला का देवाला?"

सगळे हसले. गोरखच्या कानशिलांतून वाफ निघाली. टेम्पोत बसून निघून जावं असं त्याला वाटलं. पण गिटार पोरीच्या गळ्यात होती आणि पोरगी खाली मान घालून उभी होती. त्यानं खिशातून पेचकस काढला आणि सगळ्यांसमोर स्क्रू सोडवायला घेतले. एक स्क्रू धुळीत पडला.

"चुकलं, आई," तो म्हणाला. "मुळात तिला डोकं न्हाईच. असलं की पोरीचा खांदा वढतं. म्हणून म्या काढलं."

चंद्राबाईनं प्रेरणाचा खांदा हात लावून बघितला, बाजारात शेळी बघावी तसा. "वाजव की मग. कोण नको म्हणतंय? पण माझ्या नातवापुढं न्हाई. मागं काय बी असू दे."

मग बाजीनं तोड काढली. प्रेरणानं बायकांच्याही मागं, पार शेवटी चालायचं. पुढच्या स्पीकरच्या टेम्पोपासून तिथवर वायर पुरेना, म्हणून बॅटरीवर चालणारा स्पीकरचा एक डबा काढला आणि तो गोरखच्या खांद्यावर दिला. लपायला जागा शोधणारा माणूस आता पोरीच्या शेजारून दणदणत चालणार होता.

परण्या निघाला. पुढं बेंजो, ढोल, ताशा सगळं होतं, पण बेसचा खालचा दणका नव्हता. पोरांचे पाय अडखळू लागले.

"बाजी, भाकरी हाय, कालवण कुठंय?" एकानं विचारलं आणि तो मागं आला. त्याच्यामागून दुसरा आला. बघता बघता सगळी नाचणारी पोरं घोड्याच्या मागं. पुढं उरले बाजी, त्याचे वादक आणि रिकामा रस्ता. मधे घोडा बुजायला लागला, बायकांना वाट मिळेना, आणि मारुतीच्या पारावरून गुरव हात हलवून ओरडू लागला, मुहूर्त टळतोय.

"एक तर समदे पुढं या, न्हाईतर समदे मागं जा!" बाजी रडकुंडीला आला होता.

अमृतनं एकदा पुढं बघितलं, एकदा मागं. मग घोडेवाल्याला म्हणाला, "टेम्पोच्या पुढं काढ."

"नवरा कुठं बँडच्या पुढं असतो व्हय?"

"काढ म्हणतो ना."

घोडा टेम्पोला वळसा घालून पुढं गेला. बाजी जागचा न हलता नवऱ्याच्या मागं आला, आणि प्रेरणा पोरांच्या घोळक्यातून धावत येऊन बाजीच्या शेजारी उभी राहिली. तिची वायर टेम्पोत खोचली गेली. गोरखनं खांद्यावरचा डबा खाली ठेवला.

"आज्जे," अमृत घोड्यावरून ओरडला, "आता हाय का काय माझ्यापुढं?"

चंद्राबाई म्हणाली, "रस्ता हाय. बघून चाल."

नवरदेवाचे एक चुलते रुसून मांडवात जाऊन बसले. नवरा आहे का वाटाड्या, असं ते येईल त्याला विचारत होते. पण परण्या मारुतीला पोहोचला. पुढं एकटा नवरदेव सारखा मान वळवून मागं बघत होता, नाचायला मिळालं असतं तर घोडाही देऊन टाकला असता अशा चेहऱ्यानं, आणि मागं अर्धं गाव नाचत होतं.

अक्षता पडल्यावर बाजी फोन हातात घेऊन आला. "नसरापूरवाले म्हणतात, ती गिटार आणू नका. भोरवाले म्हणतात, तीच आणा, न्हाईतर येऊच नका. सांगा, म्या काय करू?"

"भोरला मी येते," प्रेरणा म्हणाली. "नसरापूरला तुमचा सासवडचा गडी न्या."

बाजी पुटपुटला, पण त्यानं मान हलवली आणि पंगतीकडं गेला.

"अर्धीच कामं राहिली गं," गोरख म्हणाला.

"अर्धी राहिली की." ती खांदा फिरवून बघत होती. दुखत नव्हता.

मग त्यानं इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारलं. "तुला आवडती का ती? खरं सांग. बापानं केली म्हणून नगं."

प्रेरणानं गिटारीकडं बघितलं. "दिसायला? न्हाई, आबा. मला ती दुकानातली लाल आवडायची, चकचकीत. पण ही गळ्यात असली की मला त्या लाल गिटारीची आठवणच राहत न्हाई."

आतून कुणीतरी वाजवायला हाक मारली, तशी ती पळाली. गोरख तिथंच उभा राहिला. फणसाला लाल रंग बरा बसेल, त्याला वाटलं. मग वाटलं, नको, आवाज मरेल. मग पुन्हा वाटलं, रंगाचा एक पातळ हात देऊन बघायला काय जातंय.