येमाया कोणाकडे राहणार

आशाके नावाच्या बारा वर्षांच्या मुलीला गुलामांच्या जहाजात चढवलं तेव्हा तिच्या गालात एक दगड होता. कबुतराच्या अंड्याएवढा, काळा. सत्तेचाळीस दिवस तिने तो थुंकला नाही. जेवताना फक्त या गालातून त्या गालात सरकवायची.

*

१९७३. छापील अर्ज, चार पानी. प्रश्न एकोणिसावा: आपण किंवा आपल्या घरातील कोणी एखाद्या धर्माचे आचरण करता काय? उत्तर निळ्या शाईत, वळणदार मास्तरी अक्षरात: नाही. कोणीही नाही.

*

काकवी दगडावर ओतली की लगेच ओघळत नाही. जरा वेळ तिथेच बसते.

*

मातान्सासच्या बंदरातून होडी बाहेर काढायची तर परवाना लागतो. परवान्यावर दोन नावं असतात.

*

"त्या मडक्याचं झाकण उघडलंस, तर हात मोडून ठेवीन." हे लिब्रादा आपल्या मुलीला म्हणाली. मुलगी सहा वर्षांची, मडकं निळं.

*

नारळाच्या चार फोडी जमिनीवर टाकतात. दोन पांढऱ्या आणि दोन काळ्या वर आल्या, तर ठाम होय. चारही काळ्या आल्या, तर त्या खोलीत कोणी मोठ्याने बोलत नाही.

*

लिब्रादा तोरिएन्ते मंगळवारी गेली. त्र्याण्णव वर्षांची होती. सत्तर वर्षं तिने घरात देव सांभाळले होते आणि निम्म्या गल्लीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना देवांच्या पदरात घातलं होतं. ती सगळी माणसं तिला माद्रिना म्हणायची, म्हणजे धर्माची आई. पोटची एकच, ओनेलिया. वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका. तिने डोक्यावर कधी हात ठेवून घेतला नव्हता.

अशी बाई गेली की पुरण्याआधी तिच्या घरातल्या एकेका देवाला विचारावं लागतं: बाबा, तू राहतोस की जातोस? राहतोस तर कोणाकडे? जो जातो म्हणेल त्याला नदीला नाहीतर समुद्राला पोचवतात. जो राहतो म्हणेल तो ज्याचं नाव घेईल त्याचा. यात मुलगी-बिलगी कोणी लागत नाही, मृत्युपत्र चालत नाही.

ओनेलियाला एकच हवी होती. येमाया, समुद्राची आई. भांड्यातले दगड म्हणजेच देव. दुसऱ्या घरांतून येमायाच्या भांड्यात सात-सात दगड असतात, इथे एकच होता. आशाकेच्या गालातला. आशाके लिब्रादाची पणजी. ओनेलियाच्या पोरी तिकडे समुद्रापलीकडे हियालीआला निघून गेल्या, नवरा आधीच वारलेला, आणि आता आईही नाही. तो दगड गेला तर त्या घरात ओनेलियाला ओळखणारं कोणी उरत नव्हतं.

आणि तो जाणार याबद्दल तिला शंका नव्हती. जिने शाळेच्या नोकरीसाठी कागदावर "कोणीही नाही" असं लिहून दिलं, तिच्याकडे कोण राहील?

म्हणून मंगळवारी दुपारीच तिने बेत केला.

शव पंखे बंद पडलेल्या सरकारी अंत्यदर्शनगृहात ठेवलं होतं, आणि लिब्रादाची सगळ्यात जुनी धर्मलेक मिगदालिया तिथे बसली होती. घर रिकामं होतं. ओनेलिया युमुरी नदीच्या तोंडाशी गेली आणि पुलाखाली वाकून तासभर दगड चाळत राहिली. मिळाला. काळा, तेवढाच, एका बाजूने किंचित चपटा. घरी येऊन तिने येमायाचं भांडं उघडलं, आशाकेचा दगड काढून घेतला आणि पुलाखालचा आत ठेवला. लिब्रादाने तो दगड कधी कोणाला हाताळू दिला नव्हता, त्यामुळे हाताने ओळखणारी एकच बाई होती आणि ती मेली होती.

आता खरा कुठे ठेवायचा? उद्या घर माणसांनी भरणार. उशी उसवतील, कपाटं पुसतील, पिठाचा डबासुद्धा उपडा करतील. मग तिची नजर कोपऱ्यातल्या निळ्या मडक्याकडे गेली. ओलोकुनचं मडकं, खोल पाण्याच्या देवाचं. त्याचं झाकण कोणी काढत नाही. पासष्ट वर्षांत तिने ते उघडं पाहिलं नव्हतं.

तिने झाकण उचललं आणि दगड आत सोडला. हात कोपरापर्यंत ओला झाला. पाणी अपेक्षेपेक्षा गार होतं.

*

बुधवारी सकाळी फ्लोरेन्सिओ आला. विधी चालवणारा, सगळ्यांचा पाद्रिनो, म्हणजे धर्मबाप. ऐंशीच्या पुढचा, पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू.

"मास्तरीणबाई, आज फळा नाही, खाली बसा," मिगदालिया म्हणाली.

"माझे गुडघे दुखतात."

"असतील. आम्हाला काय माहीत तुमचे गुडघे. इथे कधी टेकलेले पाहिले नाहीत."

"मिगदालिया, भेंड्या चिर," फ्लोरेन्सिओ म्हणाला. "सुरी चालव, तोंड दमलं असेल."

"तोंड दमायला काय झालंय, काल रात्रभर एकटीच बसले होते माद्रिनाजवळ. बोलणार कोणाशी?"

ओनेलिया खाली बसली.

फ्लोरेन्सिओने पाणी शिंपडलं, मेलेल्यांची नावं घेतली. आशाकेपासून सुरुवात केली. मग फोडी हातात घेतल्या.

एलेग्वा, दाराचा. राहतोस?
नाही.

ओचून, नदीची. राहतेस?
नाही.

ओया, वाऱ्याची. राहतेस?
नाही.

चांगो, विजेचा. राहतोस?
होय. मिगदालियाकडे? होय. मिगदालियाने डोळे पुसले आणि भेंड्या चिरत राहिली.

येमाया. राहतेस?
होय.
मिगदालियाकडे?
नाही.
फ्लोरेन्सिओकडे?
नाही.
ओनेलियाकडे?

दोन पांढऱ्या, दोन काळ्या.

"घ्या," मिगदालिया म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, नुसता थकलेला होता. "आम्ही साठ वर्षं लादी पुसली."

"मी तर हिला तुझ्याकडे धरून चाललो होतो," फ्लोरेन्सिओ ओनेलियाला म्हणाला. "म्हणून तुझं नाव शेवटी घेतलं. आधी बाकीच्यांचं नाही झालेलं बरं, मागून कोणी बोट दाखवायला नको."

"माझ्याकडे? का?"

"का काय. लिब्रादा रोज तुझ्या नावाने काकवी ओतायची. शाळेत गेलीस तेव्हापासून. तुला ठाऊक नाही?"

तिला ठाऊक नव्हतं. पांढऱ्या भांड्यात पुलाखालचा दगड पडला होता आणि बायका एकेक करून येऊन त्याच्यासमोर लवत होत्या.

जाणाऱ्यांची रिकामी भांडी मिगदालियाने अंगणात नेऊन फोडली. दोन वाजता शव घेऊन गाडी दारात येणार होती. अख्ख्या शहरात शव नेणारी तेवढीच चालू होती, आणि ती थांबत नसे. फ्लोरेन्सिओ उठला, कोपऱ्यात गेला आणि निळ्या मडक्याचं झाकण कापडाने घट्ट बांधू लागला.

"त्याला विचारायचं राहिलं," ओनेलिया म्हणाली.

"कोणाला?"

"ओलोकुनला."

"त्याला विचारत नाहीत, पोरी. ज्याचा तळ कोणी पाहिला नाही तो कोणाकडे राहणार? जिचा होता तिच्याबरोबर निघतो. बंद झाकणाने, समुद्रात."

हे त्या गल्लीत रांगणाऱ्या पोरालाही माहीत होतं. लिब्रादाच्या हाताखालची किती माणसं गेली, किती मडकी होडीतून नेली. त्या दर वेळी ओनेलियाला शाळेत सभा असायची, आणि नसली तर ती घ्यायची.

"पाद्रिनो, ते उघडा."

"काय उघडा?"

"मडकं. त्यात माझं काहीतरी आहे."

"त्यात जे आहे ते सगळं त्याचं आहे."

तिने दाराकडे पाहिलं. मिगदालिया अंगणात खापऱ्या गोळा करत होती. मग ओनेलियाने त्याला सगळं सांगितलं, हळू आवाजात, शाळेत चूक कबूल करणाऱ्या मुली बोलतात तसं, जमिनीकडे बघत. पूल, दगड, कोपरापर्यंत ओला हात.

फ्लोरेन्सिओ बसला. खुर्ची जवळ नव्हती म्हणून पेटीवर बसला.

"मग आज मी कोणाला विचारलं?"

तिने पांढऱ्या भांड्याकडे पाहिलं.

"सांग ना. चाळीस वर्षं या घरचे प्रश्न मी विचारतोय. आज राहते असं कोण म्हणालं? पुलाखालचा धोंडा?"

"तुम्ही पुन्हा विचारा. खरा ठेवून."

"एकदा मिळालेलं उत्तर पुन्हा विचारत नाहीत. तुझ्या शाळेत पोरांना आवडेपर्यंत मार्क बदलत होतीस का?"

"मग नुसता काढून घेऊ. विचारायचं नाही. कोणाला कळणार नाही."

"कळणार नाही," तो म्हणाला. "मला दिसतंही कमी. पण ऐक. कापड मी बांधलं. निघालेल्याचं झाकण उघडलं तर तो निघत नाही, आणि त्याच्या मागोमाग निघालेली तुझी आईही वाटेत थांबेल. ना इकडे, ना तिकडे. मी उघडणार नाही. तू उघडलंस तर हात धरणार नाही, म्हातारा माणूस आहे मी. तूच सांग."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा.

ओनेलियाने मडक्यावर हात ठेवला. माती बाहेरूनही गार होती. आत दगड होता, वीतभर अंतरावर. गाठ साधी होती, एका बोटाने सुटली असती.

"न्या," ती म्हणाली.

*

परवान्यावर फ्लोरेन्सिओचं नाव होतं आणि होडीवाल्याचं. ती धक्क्यावर उभी राहिली. विधी म्हणतो, मागे वळून पाहू नये. ते जाणाऱ्यांना आहे. राहणाऱ्यांना कोणी काही सांगितलेलं नाही, म्हणून ती पाहत राहिली. होडी खाडीच्या तोंडापर्यंत गेली, थांबली, थोडी एका बाजूला कलली, पुन्हा सरळ झाली.

*

आता शनिवारी बायका येतात. पहिल्या दिवशी चार, मग अकरा. गल्लीत बातमी पसरली की येमायाने त्या मास्तरणीला निवडलं, जिने सगळ्यांसमोर तिला नाकारलं होतं. असं झालं म्हणजे देवी किती मोठी, असं लोक म्हणतात. मिगदालिया ओनेलियाला काकवी कशी ओतायची ते शिकवते.

"इतकी नको, बाई. न्हाऊ घालायचंय, बुडवायचं नाही."

"अशी?"

"हं. आणि बोलत जा तिच्याशी."

"काय बोलू?"

"जे आईशी बोलायचात ते."

ओनेलिया बोलत नाही. ती दगड पुसते आणि जागेवर ठेवते. तो तसाच आहे, एका बाजूने चपटा. एखाद्या शनिवारी तिला वाटतं, नाव तर तिचंच आलं होतं, तेव्हा काहीतरी असेल त्यात. ती तो तळहातावर घेऊन वाट पाहते. तळहात दुखायला लागतो, इतकंच.

हियालीआहून थोरली मुलगी यानिस्ले फोन करते. तिकडे तिने दुकानातून निळं-पांढरं भांडं आणलंय, गॅरेजमध्ये फळी लावलीय.

"मम्मी, पुढच्या वर्षी घेऊन ये तिला. कागदपत्रं मी करते. तिकडे एकटी काय करशील?"

"बघू."

"जरा दाखव ना."

ओनेलिया फोन भांड्यावर धरते.

"आपल्या खापरपणजीची आई हा तोंडात धरून आली," यानिस्ले तिकडे कोणाला तरी सांगते. मग तिच्या मुलीचा आवाज येतो, मोडक्या स्पॅनिशमध्ये: मीही तोंडात घालून बघू? सगळे हसतात.

"घाल," ओनेलिया म्हणते. "तिकडे येईल तेव्हा घाल."

फ्लोरेन्सिओ डिसेंबरमध्ये गेला. त्याच्या घरच्या देवांना विचारायला दुसऱ्या गावाहून माणूस बोलवावा लागला. आता दगडाचं हे गुपित फक्त ओनेलियाला माहीत आहे. मिगदालियाला सांगायचं तिने तीनदा ठरवलं. तिसऱ्यांदा मिगदालिया दगडासमोर पालथी पडून नातवाच्या मेंदूतल्या गाठीसाठी रडत होती. ओनेलियाने तिच्या दोन्ही खांद्यांना हात लावून तिला उठवलं, जसं राखणदाराने उठवायचं असतं, आणि म्हणाली, "ऊठ. तिने ऐकलं."

नातू फेब्रुवारीत गेला.

*

त्या मंगळवारी लिब्रादाने प्राण सोडला तेव्हा सकाळचे पावणेअकरा झाले होते. ओनेलिया पावाच्या रांगेत होती, आणि तिच्यापुढे एकवीस माणसं होती.