एक जूनची माणसं

नोव्हेंबर १९९९ मध्ये सांगलीची सई पलूसजवळच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर तपासायला आली. तिथल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे होते, त्यामुळे दोन हजार साल उजाडलं की मशीन त्याला एकोणीसशे समजणार, अशी धास्ती होती. टाइम ऑफिसचे हेडक्लार्क कृष्णाततात्या मात्र मजेत तिच्या शेजारी बसले होते.

सईनं मशीनची तारीख पुढच्या ३१ मेवर नेली आणि निवृत्तांची यादी मागितली. पहिलं नाव तात्यांचं यायला हवं होतं; कागदोपत्री जन्म १९४२ चा आणि निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. ते आलंच नाही. त्यांच्या नोंदीत वय आलं, उणे बेचाळीस.

"तात्या, याच्या मते तुमचा जन्म व्हायचाय अजून."

"मग ऱ्हाऊ द्या की तसंच! कुणाचं काय नडतंय?"

सईला आणखी एक गोम सापडली. साडेपाचशे कामगारांतले तीनशे सतरा एक जूनला जन्मले होते. "तारीख नसली की प्रोग्रॅम आपोआप एक जून घालतोय," ती म्हणाली.

"प्रोग्रॅम न्हाई, मास्तर. शाळा जूनला उघडायची. डोक्यावरनं हात पल्याडच्या कानाला पोचला, की लिव एक जून, वय सा."

तात्यांचीही तारीख एक जूनच, आणि दुखणं इथंच होतं. आई, शालूबाई, छातीठोक सांगायची, शाळेत घातला तेव्हा कृष्णात चार वर्षांचा होता, पण हात लांब, कान चटदिशी धरला. म्हणजे आता दोन वर्षं आधीच घरी बसायची पाळी. तीस वर्षं भोंग्यावर उठलेल्या माणसाला तो विचारच नको वाटायचा. दर एक जूनला तात्या मास्तरांच्या नावानं बोटं मोडत.

सईनं लिहून ठेवलं, 'एक जूनच्या तारखा संशयास्पद. मूळ पुरावा असल्यास सोमवारपर्यंत आणावा.' तात्यांच्या अंगात वारं शिरलं. रजा टाकून ते तासगावच्या तहसील कचेरीत गेले आणि जन्माचं जुनं पुस्तक काढायला लावलं. गाव, बापाचं नाव, थोरला मुलगा, सगळं जुळलं. तारीख होती ९ जुलै १९४१.

तात्यांनी चष्मा पुसून तीनदा वाचलं. म्हणजे हात लांब नव्हतेच, चांगलं सात वर्षांचं घोडं झालं होतं! खरं तर गेल्या जुलैतच घरी बसायला हवं होतं. चार महिने मास्तरांच्या कृपेनं भोंगा ऐकत होते.

"नक्कल देऊ?" कारकुनानं विचारलं.

"नगं नगं! आधी पुस्तक मिटा."

सोमवारी सईनं विचारलं, "मिळाला पुरावा?"

"त्या पुस्तकात लय घोळ हाय. आपली एक जूनच खरी."

तिनं दुरुस्त केलेला प्रोग्रॅम चालवला. यादीत पहिलं नाव तात्यांचं, वय अठ्ठावन्न. तात्यांना मनापासून लाज वाटत होती. मग त्यांनी उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान घट्ट पकडला.

"हे काय, तात्या?"

"मास्तरास्नी लय शिव्या दिल्या गं," ते म्हणाले. "कान धरतोय."