पाच नंबरचा दस्ता

"जयराजसाहेबांना ज्याचं काम पसंत पडेल, पुढचं सगळं बारीक काम त्याच्याकडं," मानसिंगशेठ म्हणाले, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुपवाडच्या या शेडमध्ये सव्वीस वर्षं दस्ते मी बसवतोय. केरबाशिवाय दस्ता बसत नाही, असं हेच शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे. आता माझी परीक्षा, आणि तीही कुणाबरोबर, तर तासगावहून स्कूटीवर येणाऱ्या क्रांतीबरोबर. तिला इथं येऊन धड वर्षही झालं नव्हतं.

आमचं काम नकली हत्यारांचं. नळ्या आतून भरीव, त्यामुळं उडत काही नाही, बाकी सगळं जुन्यासारखं. सिनेमावाले नेतात, हौशी लोक नेतात. जयराजसाहेब साताऱ्यात स्वतःचं छोटं संग्रहालय काढत होते. त्यांना हव्या होत्या तांब्याची बारूदभरली टोपी ठोकून उडवायच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या सहा प्रती, आणि प्रत्येकीला काढता-घालता येणारा शिसवी दस्ता. तो लावला की रिव्हॉल्व्हर बंदुकीसारखी खांद्याला टेकवता येते. दस्त्याच्या तोंडाशी लोखंडी कडी असते. ती रिव्हॉल्व्हरच्या दोन घुंड्यांवर अडकवायची आणि खालचा स्क्रू आवळायचा. केसभर फट राहिली तरी सगळं डुगडुगतं. म्हणून प्रत्येक जोडी वेगळी घासावी लागते, आणि दोन्हींवर एकच नंबर ठोकतात.

एक ते तीन माझे, चार ते सहा तिचे.

कडी लाकडात बसवायची रीत मीच तिला शिकवली होती. रॉकेलच्या दिव्यावर कडी धरायची, काजळी चढली की लाकडाच्या खाचेत दाबायची, जिथं काळं उमटेल तेवढंच तासायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. मी पाच-सहा वेळा करतो आणि बास म्हणतो. ही बया वीस-वीस वेळा करायची, कंटाळा म्हणून नाही. येता-जाता शेठ तिच्या टेबलापाशी थांबायला लागले. "हात बघा पोरीचा," ते कुणाला तरी म्हणाले. मी पलीकडं कानस चालवत होतो. मला ऐकू जावं म्हणून म्हणाले नव्हते, आणि त्याचंच जास्त लागलं.

साहेब येणार त्या दिवशी दुपारी क्रांती डबा घेऊन बाहेर गेली. मी तिचा पाच नंबर उचलला, घुंडीवर बसणाऱ्या कडीच्या आतल्या बाजूनं कानस फिरवली. दोनच हात. घासलेलं चमकायला लागलं, म्हणून वर काजळी चोळली. मग हात धुतले आणि जेवायला बसलो. भाकरी नेहमीसारखीच गोड लागली, खोटं कशाला सांगू?

जयराजसाहेबांनी एकेक करत सहाही खांद्याला लावून बघितल्या. पाच नंबर डुगडुगला.

"हा कुणाचा?"

"माझा," क्रांती म्हणाली. तिनं तो हातात घेतला, हलवून बघितला, पुन्हा हलवला. "सकाळी घट्ट हुता, शेठ. मी तीनदा बघितलं हुतं."

शेठनी तिच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. "केरबा, तू बघ रं."

हेच तर मला हवं होतं. घासून गेलेलं लोखंड परत येत नाही, म्हणून नवी कडी करायला घेतली. जुनी सोडवून खाच उघडी केली आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. आतलं लाकूड सगळीकडं सारखं काळं होतं, म्हणजे कडी सगळीकडून टेकली होती. हरभऱ्याच्या डाळीएवढी जागासुद्धा कोरी नव्हती. सव्वीस वर्षांत माझी एकही खाच अशी उतरलेली नाही. मला वाटलं होतं लाज वाटेल. वाटला तो राग.

संध्याकाळपर्यंत दस्ता घट्ट बसवून दिला. साहेबांनी पाठ थोपटली. साताऱ्याला मांडणी करायला मी गेलो, पुढचं बारीक काम माझ्याकडं आलं. क्रांतीनं सगळ्यांसमोर माझे आभार मानले. "मामा, तुमी हुता म्हणून इज्जत राहिली," म्हणाली.

याला तीन महिने झाले. ती अजून येते, पण आता स्क्रू आवळायच्या आधी प्रत्येक दस्ता माझ्याकडं आणते. पूर्वी वीस वेळा तपासायची ती कामाच्या हौसेनं. आता चाळीस वेळा तपासते आणि तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. परवा तर चांगली बसलेली खाच भीतीपोटी जास्त तासून बसली. शेठ माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "तवा उगंच कौतुक केलं हिचं."

आज सकाळी तिनं एक दस्ता माझ्यासमोर ठेवला.

"मामा, बघता का? मला बसल्यासारखा वाटतोय. पण त्या दिवशी बी वाटलाच हुता. आता माझ्या हातावर माझाच भरवसा न्हाई."

मी दस्ता रिव्हॉल्व्हरला लावला, खांद्याला टेकवला, सगळीकडून जोर देऊन बघितला. तो तसूभर हलला नाही. माझ्यानं असा कधी झाला नसता. ती माझ्या तोंडाकडं बघत उभी होती, आणि दस्ता बसलाय, एवढंच तिला ऐकायचं होतं.

"ठेव हितं," मी म्हणालो. "जरा घासावा लागंल. मी बघतो."