उजवी बाही

लीलाबाई इस्लामपुरात घरच्या घरी झंपर शिवून द्यायची. कापडातली खोड तिच्या नजरेतून सुटायची नाही. त्यामुळे शहात्तर सालच्या माघात नवऱ्याचा एसटीचा खाकी शर्ट वाळत घालताना तिचा हात थबकला. उजवी बाही पार विटली होती आणि डावी जशीच्या तशी. तिने आधी साबणाला नावं ठेवली, मग दुकानदाराला. मग बाकीचे दोन शर्टही काढून बघितले. तिन्हींच्या उजव्या बाह्या संगनमत केल्यासारख्या पांढुरक्या.

नवरा सोपान इस्लामपूर-जत गाडीवर ड्रायव्हर. बारा वर्षं उजवं कोपर खिडकीबाहेर टाकून गाडी हाकणारा. त्याच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांसाची गुलाबी वेल चढत होती, डावा डोळा मात्र लख्ख होता. चैत्रात डेपोत डोळ्यांची तपासणी होती. नापास झाला की चाक हातातून जाणार आणि गाड्या धुवाव्या लागणार, या धास्तीने त्याने डॉक्टरचं नावच टाकलं होतं. जतची धूळ आहे, दुसरं काय, म्हणून तो विषय उडवून लावायचा. घाटात वाघ, पण डॉक्टरपुढे शेळी.

शर्ट घेऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"आवं, धूळ काय उजव्याच डोळ्यात जाती व्हय? ह्या बाहीला ज्येनं खाल्लं, त्येनंच डोळा धरलाय."

सोपान बाहीकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने डेपोत रजेचा अर्ज टाकला.

मिरजेच्या डॉक्टरांपुढे तिने डोळ्याआधी शर्ट ठेवला. डॉक्टर आधी हसले, मग दोन्ही बाह्या शेजारी ठेवून निरखत बसले. सोपान इतकी वर्षं डोक्याला ओला टॉवेल गुंडाळायचा, त्याने फक्त उकाडा कमी व्हायचा, असं ते म्हणाले. उन्हात डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. गार वाऱ्यातसुद्धा ते कापड विटवतात, कातडी जाळतात, डोळ्यात वेल वाढवतात. धूळ त्यांना नुसता हातभार लावते. वेल अजून मधल्या बाहुलीपर्यंत पोचलेली नव्हती, यंदाची तपासणी निभावून जाणार होती. पण डोळा असाच उघडा ठेवला तर पुढची खात्री नव्हती. त्यांनी काळा चष्मा लिहून दिला.

लीलाबाईचं एवढ्यावर थोडंच भागणार. किरण इतके धारदार, तर माणसं अजून जळून कशी गेली नाहीत, असं तिने विचारलं. डॉक्टर खूश झाले. आभाळात खूप उंचावर ओझोन नावाच्या वायूचा थर आहे, तो बरेचसे किरण गाळून घेतो, असं त्यांनी सांगितलं. आता अमेरिकेतले शास्त्रज्ञ म्हणताहेत, की फवाऱ्याच्या डब्यांतला आणि फ्रीजमधला वायू वर जाऊन तोच थर विरळ करील.

विरळ म्हणजे काय, हे शिवणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

"आन उसात खुरपणाऱ्या बायांचं वं? त्यांच्या तर दोनी बाह्या उनात."

डॉक्टरांनी शर्टाची घडी घालून तिच्या हातात दिली.

परतीच्या गाडीत दोघं ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसले. मिरजेतच घेतलेला चष्मा सोपानच्या खिशातच होता. डेपोत पोरं हसतील, हिरो म्हणतील, हेच त्याचं पालुपद. लीलाबाई समोर बघत होती. ड्रायव्हर त्यांच्याच डेपोत नव्याने लागलेला, गुंडा नावाचा पोरगा. कोपर खिडकीबाहेर आणि बाही अजून गर्द खाकी. थोड्या वेळाने सोपानही तिकडेच बघायला लागला.

आष्ट्याला गाडी थांबली तेव्हा त्याने मुकाट चष्मा चढवला आणि गुंडाला म्हणाला, कोपर आत घेत जा. गुंडाने मागे वळून बघितलं आणि हसू दाबत लीलाबाईला विचारलं, हे हिरो कधीपासून झाले. तिने पिशवीतून शर्ट काढून दोन्ही बाह्या त्याच्यापुढे पसरल्या. त्याला काही उमगेना.

सोपानने चष्मा काढला. वर्षभर ज्या डोळ्यावरून तो डेपोत मान खाली घालून वावरला होता, तो त्याने गुंडाच्या तोंडासमोर नेला.

"शर्ट माझा हाय, गड्या," तो म्हणाला. "आन डोळाबी माझाच. नीट बघून घे."