बावन्न की ब्याण्णव

"ताई, सही कर," असं म्हणून भावाने अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं. एरवी आमच्या घरात पेन सापडता सापडत नाही.

अर्ज चांगला दोन पानी होता. भाऊ शाळेत गणित शिकवतो, पण रागाने त्याची भाषा एकदम सुधारली होती. 'सदर विक्रेतीच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे मी माझ्या हक्काच्या बक्षिसास मुकले असून, तिचा परवाना तत्काळ रद्द करून मला नुकसानभरपाई मिळावी.' हक्काच्या! हा शब्द मी दोनदा वाचला. याच माणसाने एकोणीस वर्षं दर शनिवारी मला ऐकवलं होतं, "ताई, लॉटरी म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे. पाच आकडी नंबर, म्हणजे शक्यता लाखात एक." त्यावर माझं उत्तर ठरलेलं असायचं, "लग्नाच्या वेळी मध्यस्थ मलाही लाखात एकच म्हणाला होता. तिथे तरी कुठे काही लागलं?" भावजय पदराआड हसायची आणि भाऊ वही उघडून मला गणित समजावायला बसायचा.

मला गणित समजत नव्हतं असं नाही. मी जुगारीही नाही आणि भाबडीही नाही. आठवड्याला एक तिकीट, नंबर कायम तोच, सत्तेचाळीस-तीन-बावन्न. हाच का, असं विचारू नका, मनात आला म्हणून. पण या घरात माझं जे जे होतं ते कुणाच्या ना कुणाच्या उपयोगी पडलं. पगार भावाच्या शिक्षणाला गेला, मग या घराला. रजा भाचीच्या परीक्षांना आणि भावजयीच्या बाळंतपणाला गेली. तिकीट तेवढं कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. म्हणून ते सोडायचं नाही असं मी ठरवलं होतं. परवडतं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, मला परवडत होतं.

आणि त्या शनिवारी नेमका सत्तेचाळीस-तीन-बावन्न लागला. पहिलं बक्षीस. रविवारी सकाळी पेपर हातात घेऊन भाऊच ओरडत आला. विरोध करून करून त्याला नंबर पाठ झाला होता. त्याने मला मिठी मारली, लहानपणानंतर पहिल्यांदा. आम्ही दोघं तसेच तिकिटाच्या खिडकीवर गेलो. माझं तिकीट काचेमागे चिमट्याला लावून ठेवलेलं होतं. त्यावर छापलं होतं, सत्तेचाळीस-तीन-ब्याण्णव.

झालं असं होतं. मी हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर. एकतीस वर्षं झाली. एरवी मी शनिवारी जेवणाच्या सुट्टीत स्वतः जाऊन तिकीट घेते, पण त्या दिवशी बदलीची ऑपरेटर आली नाही आणि मला बोर्डावरून हलता येईना. म्हणून मी खिडकीवर फोन केला. तिकीटवाल्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तेव्हा खिडकीवर त्याची बायको बसत होती. मी नंबर सांगितला, तिने यंत्रावर टाकला, आणि टाकला तो चुकीचा.

"मी बोलावलंय तिला," भाऊ म्हणाला. "तुझ्यासमोर कबूल करू दे. मग सही कर."

ती आली. चप्पल दारात काढून उभीच राहिली. भावजयीने पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं.

"बसा," मी म्हटलं.

"नको. मी रडायला नाही आले," ती म्हणाली. "मला ब्याण्णवच ऐकू आलं होतं. आणि मी परत म्हणून दाखवलं होतं. तुम्ही 'हो हो' म्हणालात आणि फोन ठेवलात."

"कोण, आमची ताई?" भाऊ हसला. ते हसू चांगलं नव्हतं. "अहो बाई, एकतीस वर्षांत तिचा एक आकडा चुकलेला नाही. मोठे मोठे डॉक्टर सांगतात, ऑपरेटरबाईंच्या कानाला तोड नाही. तुमचं खरं धरायचं की तिचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बाजूने बोलणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. फोनवर आम्ही दोघीच होतो. नवऱ्याचे डोळे बांधलेले, घर त्या खिडकीवर चालायचं. मी नुसती मान हलवली असती तरी तिचा परवाना गेला असता, आणि भरपाई म्हणून काहीबाही आमच्या पदरात पडलंही असतं.

सगळ्यांनी माझ्या कानांची साक्ष काढली होती. मग त्या कानांनी काय ऐकलं ते मला सांगावंच लागलं.

"ती परत म्हणाली होती," मी म्हटलं. "ब्याण्णव म्हणाली. मी ऐकलं."

भावाने पेन खाली ठेवलं.

"आमच्या कामात बावन्न म्हणायची पद्धतच नाही. पाच-दोन म्हणायचं, सुटं सुटं. बावन्न आणि ब्याण्णव तारेवर सारखेच ऐकू येतात. नवीन पोरींना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते, नाही ऐकलं तर ओरडते. पण हा नंबर कामाचा नव्हता ना. माझा होता. घरच्या माणसाला हाक मारावी तसा मी तो बावन्न म्हणून गेले. तेवढ्यात लाल दिवा लागला."

लाल दिवा म्हणजे तातडीचा कॉल. जिन्यावरून पडलेली एक मुलगी आणत होते, डोक्याला मार, सर्जन घरी जेवायला गेलेले. कानात ब्याण्णव पडलं, हात लाल दिव्याकडे गेला आणि तोंडाने हो हो म्हटलं. सर्जनना मी पाऊण मिनिटात गाठलं.

"ती मुलगी वाचली?" भावजयीने विचारलं.

"माहीत नाही. ऑपरेटरला शेवट कळत नाही, आम्ही नुसती गाठ घालून देतो. आणि त्या पोरीच्या बदल्यात बक्षीस गेलं वगैरे कुणी म्हणू नका. दोन्हींचा काही संबंध नाही. चूक माझी. एकतीस वर्षांत पहिली, आणि ती मी माझ्याच नंबरात केली."

तिकीटवाली तेव्हा कुठे हातातलं पाणी प्यायली. एका दमात प्यायली, पेला ठेवला, मला हात जोडायला लागली. मी तिला म्हटलं, "हात कसले जोडता? दुकान उघडं टाकून आलात ना? जा आता."

ती गेल्यावर भाऊ म्हणाला, "तू तिला वाचवायला खोटं बोललीस."

"मी एवढी दयाळू कधीपासून झाले?"

"मग गप्प तरी बसायचंस!"

"तिच्या पोटावर पाय देऊन? आणि पुन्हा बोर्डावर बसून पोरींना कुठल्या तोंडाने शिकवू?"

त्याने अर्जाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग त्याचा आवाज बदलला. "मला काही नको होतं गं ताई. मी वर तुझ्यासाठी खोली काढणार होतो. मोठी खिडकी असलेली. तुला एकदा तरी काही मिळालं असतं."

मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. तत्त्वासाठी वगैरे नाही, पैशासाठीच रडले, खोटं कशाला सांगू? त्या खिडकीसाठीही रडले. बाहेर आले तर भावजय चहा गाळत होती आणि भाऊ जरा सावरला होता.

"बरं, झालं ते झालं," तो म्हणाला. "पण आता तरी हा नाद सोड. तो नंबर एकदा येऊन गेला. पुन्हा थोडाच येणार आहे?"

"तू गणिताचा मास्तर ना? मग सांग, या शनिवारी तोच नंबर यायची शक्यता किती?"

मुलांना फळ्यावर तो जे शिकवतो ते त्याला स्वतःच्या घरात म्हणवेना.

"वन्सं विचारतायत," भावजय म्हणाली. "सांगा की."

"तेवढीच," तो कसाबसा म्हणाला. "आधी होती तेवढीच."

"मग मी का सोडू?"

शनिवारी बदलीची ऑपरेटर वेळेवर आली. त्याआधी मी पोरींना सगळं सांगितलं होतं, माझी चूक कशी झाली ते पाच-दोनसकट. एकीला हसू फुटलं, मी तिला हसू दिलं. जेवणाच्या सुट्टीत मी खिडकीवर गेले. रांग मोठी होती आणि बातमी रांगेत सगळ्यांना ठाऊक होती. माणसं वळून वळून बघत होती. कुजबूज थांबली. पुढचा एक गृहस्थ बाजूला झाला, "बाई, तुम्ही या पुढे, तुम्ही आधी घ्या," असं अगदी हळू आवाजात म्हणाला.

"का?" मी म्हटलं. "माझ्याकडे कुणी वारलंय का?"

तो ओशाळून पुन्हा रांगेत शिरला. मी शेवटी जाऊन उभी राहिले. ऊन चांगलंच होतं. पर्सने डोक्यावर सावली करावी असं वाटलं, पण सगळे बघत होते म्हणून केली नाही. वीस मिनिटांनी माझा नंबर आला. तिकीटवालीने मला काही विचारलं नाही, एकेक आकडा बोटाने दाबला, तिकीट काढलं आणि ते काचेखालून दोन्ही हातांनी पुढे सरकवलं. मी पैसे ठेवले तर ते तिने परत लोटले.

"आजचं राहू द्या, बाई. माझ्याकडून."

"घ्या ते," मी म्हटलं. "फुकटचं तिकीट लागलं, तर ते माझं कसं म्हणू?"

तिने पैसे घेतले. मी तिकीट उजेडात धरून पाचही आकडे वाचले, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.