मांजराचे डोळे

१९७४ सालची ही तपकिरीची बाटली (तपकीर तिच्यात चिमूटभरही कधी गेली नाही, तरी नाव तेच) अंगठ्याएवढी, आणि उजेडाकडे धरली की आत रंगवलेलं मांजर अजूनही ल्यानझीकडे बघत नाही. फुलपाखरू आहे, अंगावरचा केसन्‌केस आहे, डोळे मात्र नुसते पिवळे. शेजारी भांड्यात पाणी आहे. आतून काढलेलं चित्र जायला घोटभर पाणी पुरतं… दर वर्षी ती भांडं भरून ठेवते.

काचेच्या आतून, वाकड्या काडीनं रंगवायचं म्हणजे सगळं उलटं. बाहेरून वर दिसायचं ते आधी: बुबुळाची काळी फट, मग पिवळा, मग केस. लुआन मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मागाहून सुचलेलं काळं पिवळ्याच्या मागे राहतं, पोरी. ते असतं, पण दिसत नाही."

त्या सकाळी मास्तरांच्या बायकोनं कारखान्याच्या जिन्यात थांबवून कांद्याची पात गुंडाळलेली पोळी माझ्या हातात दिली. "त्यांना कडेचं दिसतं गं ल्यानझी, मधलं नाही. आज तो निर्यातीचा फेई येणार तपासायला. कळलं तर घरी बसवतील. तू शेजारीच असतेस ना, बघशील ना जरा?"

"बघेन, काकू."

पोळी गरम होती. इतकं सगळं विसरले, आणि पोळी गरम होती हे मात्र…

दहाच्या सुमाराला मास्तरांनी सगळ्यांदेखत माझी बाटली वर धरली. "हे मांजर? ही तर पाय फुटलेली उशी आहे. सात वर्षं शिकतेयस, आणि हात अजून कोंबडीसारखा चालतो." सगळे हसले. मीही हसले, आणि कान तापले.

तासाभरानं ते आपल्या बाटलीतल्या मांजराच्या डोळ्यांशी आले, आणि त्यांची काडी आधी पिवळ्यात बुडाली. पाण्याचा पेला माझ्या कोपराशी होता. मास्तर, काळं राहिलं — एवढंच म्हणायचं होतं. मी माझ्या मांजराच्या मिश्या काढत राहिले.

आपण घाबरलो होतो, मास्तरांची चूक कशी काढायची, असं ल्यानझी पुढे नवऱ्याला सांगत आली. खोटं. कारण त्यांनी विचारलं होतं. जेवणाच्या सुट्टीआधी बाटली माझ्यापुढे धरून, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, "ल्यानझी, डोळे नीट उतरलेत का?"

"छान उतरलेत, मास्तर."

दुपारी फेईनं बाटली खिडकीशी नेली. "लुआन मास्तर, मांजराला मोतीबिंदू झालाय की काय?" कुणी हसलं नाही. मास्तरांनी मान वळवली ती माझ्याकडे नाही, जरा बाजूला, भिंतीकडे… कडेचं दिसायचं त्यांना. त्यांनी मला नीट पाहिलं.

पुढच्या आठवड्यात खिडकीजवळची त्यांची जागा मला मिळाली. जाताना त्यांनी ही बाटली माझ्या टेबलावर ठेवली. "धुऊन वापर. काच चांगली आहे."

मास्तर आणखी अकरा वर्षं जगले, अंगणात बसून कोळशाच्या चुऱ्याच्या वड्या थापत. काकू रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, जेवलीस का. पुढे मुलाकडे जिनानला गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांना ठाऊक होतं की नाही, मला कळलं नाही. फेईची बदली छिंगदाओला झाली, नंतर त्याची खबर नाही. ल्यानझीचं नाव झालं. तिच्या मांजरांचे डोळे लोक वाखाणतात, आणि ते वाखाणू लागले की ती चहा करायला उठते.

आज भांडं उचललं, बाटलीच्या तोंडाशी नेलं, परत ठेवलं. धुऊन वापर… इतकी वर्षं कधी मला ती माफी वाटली, कधी शाप, आणि दोन्हींत मी त्यांच्या मनात होते. आज पहिल्यांदाच वाटलं, त्यांना कदाचित एवढंच म्हणायचं असेल. काच चांगली आहे.